चांदीने तिखाडी खाल्ली नाही

दिवाळीच्या आधीच्या एका मंगळवारी, ऊन उतरू लागल्यावर, नागपूरच्या रामदासपेठेतले एक मिठाईवाले आमच्या गावामागची टेकडी बाजेवर बसून चढले. बाज चौघांनी उचलली होती. आमची चांदी नावाची गाय टेकडीवर कोणते गवत खाते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. चांदीने त्या दुपारी पवन्या खाल्ला, मारवेल खाल्ला, रानमुगाचा एक वेल मुळासकट ओढून खाल्ला आणि शेठजींच्या खांद्यावरचा दुपट्टा अर्धा खाल्ला. तिखाडी खाल्ली नाही. ती खाईल, असे माझ्या वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवले होते.

गाव रामटेकच्या पलीकडे होते. समोर धानाच्या बांध्या, मागे टेकडी. टेकडीला नाव नव्हते, टेकडीच म्हणत. आमच्या घरी तीन गवळाऊ गाई होत्या, पांढऱ्या, काटक, उंच पायांच्या. चांदी त्यांतली थोरली. बाबा धान लावत, पण त्यांचे लक्ष धानात नव्हते. त्यांचा एक सिद्धान्त होता. टेकडीचे गवत दुधात उतरते, आणि ज्याची जीभ जागी आहे त्याला दूध चाखून गाय कुठे चरली ते सांगता येते. पायथ्याचे दूध पातळ आणि किंचित खारट, उताराचे मधले, वरच्या सपाटीचे घट्ट आणि गोड. रोज संध्याकाळी धार काढून झाली की ते वाटीत दूध घेत, तोंडात घोळवत आणि निकाल सांगत. मग गावची गुरे चारणारा गायकी डोमा याला बोलावून खात्री करत. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघे. चुकला तर बाबा म्हणत, की गायीने चालता चालता मधेच काहीतरी खाल्ले असेल आणि डोमाचे लक्ष नसेल. डोमा तेही मान्य करी. चहा मिळाला असला की डोमा काहीही मान्य करी.

सिद्धान्ताचा पुढचा भाग असा, की जे गवत गायीला द्यायचे ते घरातल्या माणसाने आधी चावून पाहायचे. "आपल्याले जे चावत नाही, थे मुक्या जनावराले काहून द्यायचं?" असे बाबा म्हणत. त्यामुळे मी लहानपणापासून गवते चवीने ओळखते. मारवेलाची कोवळी काडी उसासारखी लागते. पवन्या आधी काहीच लागत नाही, मग जिभेवर दुधाळ होतो. रानमूग मटारासारखा. कुसळ आषाढात चांगले, गुरे आवडीने खातात. नवरात्र उलटले की त्याला काटेरी शेपट्या येतात, त्या गायीच्या हिरडीत रुततात आणि माणसाच्या घशात. हे दुसरे मला प्रत्यक्ष माहीत आहे. तरोटा तोंडात घेतला की दिवसभर भाकर तरोट्याची लागते. आणि तिखाडी. तिखाडी नावाप्रमाणे तिखट, सुंठ आणि गुलाब एकत्र कुटल्यासारखी. पावसाळ्यात ती वीतभर असते तेव्हा गुरे तिला तोंड लावतात. दसऱ्याला ती माणसाच्या उंचीची होते, तिला लालसर तुरे येतात, आणि मग तिच्यात गुरे शिरतात ती फक्त सावलीसाठी. पुढे नोकरीच्या काळात चाऱ्यावर काम करणाऱ्या काही जाणकारांशी या विषयावर बोलण्याचा प्रसंग आला. कोवळ्या गवतात कस जास्त, तुऱ्यावर आले की कमी, आणि रानमुगासारखे वेल मधे असले की चारा सुधारतो, हे बाबांचे म्हणणे त्यांनी मान्य केले. दूध चाखून गायीचा रस्ता सांगण्याबाबत त्यांनी मत दिले नाही.

आई सिद्धान्तात पडत नसे. ती खोवा करी. अंगणात पत्र्याखाली खोव्याची वेगळी चूल होती, तिच्यावर लोखंडी कढई, आणि कढईत सतत फिरणारे लांब दांड्याचे उलथणे. खर्र, खर्र, खर्र असा तो आवाज सकाळभर चाले. तो थांबला की आम्ही जिथे असू तिथून धावत येत असू, कारण आवाज थांबणे म्हणजे खोवा उतरणे आणि कढईला लागलेली खरवड मिळणे. खरवडीवरून माझे आणि बाबांचे भांडण होई. ते म्हणत की त्यांना ती तपासणीसाठी लागते. आईचा खोवा पिवळसर, रवाळ, बोटाने दाबला तर ठसा राहणारा. त्यात ती साखरसुद्धा घालत नसे. पीठ, अरारूट, बटाटा असले शब्द घरात उच्चारायची बंदी होती. एकदा पाहुणीने सहज विचारले, "वैनी, तुमी थोडा मैदा घालता काय वं, बसाले?" पाहुणीला त्या दिवशी चहा काळा मिळाला.

मी तेव्हा रामटेकला अकरावीत होते. आठवड्यातून दोनदा कॉलेज बुडवून खोव्याचा डबा एस.टी.ने नागपूरला नेऊन देणे माझ्याकडे होते. रामदासपेठेतल्या त्या दुकानात आमच्या खोव्याचे पेढे होत. शेठजींचे घराणे कोणे एके काळी उत्तरेतून आलेले. ते हिंदीत सुरू होत आणि मराठीत संपत, किंवा उलट. त्यांच्या नाकाविषयी बाजारात आदर होता. तूप न चाखता नुसत्या वासावर गाईचे की म्हशीचे ते सांगत, असे त्यांचे कारागीर सांगत.

दसऱ्यानंतरच्या एका फेरीला त्यांनी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावले आणि पुन्हा उघडले.

"क्या डालके राहिली तुझी आई यात?"

"काही नाही."

"गुलाब का एसेन्स है ये. मेरेको मत सिखा, पोट्टी."

"नाही टाकत ती काही."

काउंटरपाशी गिऱ्हाईक उभे होते. शेठजींनी डबा त्यांच्याकडे फिरवला. "सूंघो साब. देखो. गाँव के लोग भी सीख गये. वह बाई मिलावट करून राहिली, और मैं उसको पैसा देके राहिलो." एका बाईने वास घेतला आणि छान आहे म्हणाली. शेठजी म्हणाले, छान असणे हीच तर भानगड आहे. खोव्याला खोव्याचा वास यावा. मग त्यांनी डबा आत पाठवला आणि त्याचे पेढे करायला सांगितले. पुढच्या वेळी असला आणू नको, असे मला सांगितले.

घरी आल्यावर आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"लोकायसमोर म्हणाला?"

"हो."

"किती लोक होते?" असे तिने विचारले नाही. ते बाबांनी विचारले. आईने कढई चुलीवरून उतरवली, घासली आणि भिंतीशी पालथी घातली. "ज्या दुकानात, ज्या लोकायसमोर म्हणाला, तिथंच त्यानं आपला शबुद वापस घ्यावा. तवा मी खोवा देईन त्याले. नाही तर नाही." ती रागावलेली दिसत नव्हती. उलथणे तिने स्वयंपाकघरात खुंटीला टांगले, जिथे ते कधीच नसे.

बाबांना मात्र आनंद झाला होता. तो त्यांनी लपवला नाही. "अवं, तू समजून नाही राहिली! गुलाबाचा वास म्हणजे तिखाडी. चांदीनं तिखाडी खाल्ली, थे दुधात उतरली, दुधातून खोव्यात गेली, आन थेट रामदासपेठेत पोचली! म्या काय म्हणत होतो इतके वर्सं?"

"मले मिलावटवाली म्हणलं त्यानं."

"थे चुकीचं म्हणाला. पण वास बरोबर घेतला."

आई त्यांच्याशी पुढचे काही दिवस माझ्यामार्फत बोलली.

खोवा बंद झाला, पण गाईंना कोणी सांगितले नव्हते. दूध येत राहिले. पहिल्यांदा आम्ही दूध प्यायलो. मग दही लावले, मग कढी झाली, दहीभात झाला, ताकातली भाजी झाली, ताकातले पिठले झाले, दुधातल्या शेवया झाल्या. बाबा ताकाने अंघोळ करून पाहू म्हणाले आणि त्यांनी ती केली. परिणाम नोंदण्यासारखा नव्हता, माश्या सोडल्यास. गल्लीतल्या कुत्र्यांना दही मिळू लागले आणि शेजारच्या गल्लीतली कुत्री आमच्या दारात येऊन बसू लागली. शेजारणी भांडी घेऊन येत, आणि जाताना हळूच विचारत, "खरंच काही टाकत नव्हती ना वं तू?" हा प्रश्न आईला रोज वेगवेगळ्या भांड्यांमागून येत होता. ती दूध ओतायची आणि पुढचे भांडे घ्यायची.

हे असे चालले असताना शेठजींचा निरोप आला. त्या खोव्याचे पेढे खपले होते आणि गिऱ्हाईक तसलेच पुन्हा मागत होते. दिवाळी तोंडावर होती. एसेन्स टाकून शेठजींच्या कारागिरांनी तो वास आणायचा प्रयत्न केला होता, तो साधला नव्हता. म्हणजे एसेन्स नव्हते की काय, अशी शंका त्यांना आली होती. बाबांनी उलट निरोप पाठवला: या आणि पाहा, आमची गाय टेकडीवरचे सुगंधी गवत खाते. यात आईला विचारले नव्हते. आई मला म्हणाली, "तुह्या बापाले सांग, गाय माह्या नावानं साक्ष द्याले चालली. आता तिनं नाही दिली तर?" मी सांगितले. बाबा म्हणाले, "देईन. काहून नाही देणार?"

चांदीला तिखाडी खाताना घरात कोणीही पाहिलेले नव्हते, हे तेव्हा लक्षात आले. डोमाला बोलावले. सकाळी तो म्हणाला, खाते, भरपूर खाते. दुपारी आईने विचारल्यावर म्हणाला, दसऱ्यानंतर एकही जनावर तिखाडीला तोंड लावत नाही. संध्याकाळी बाबांनी पुन्हा विचारले तेव्हा म्हणाला, चांदी खाते पण लाजते, कोणी पाहत असले तर खात नाही. ही तिन्ही विधाने माझ्यासमोर झाली. बाबांना तिसरे पटले. त्यांनी चांदीच्या पुढ्यात तिखाडीचा भारा टाकला आणि आम्हा सगळ्यांना घरात घेऊन दार लावले. आम्ही बराच वेळ अंधारात बसलो. दार उघडले तेव्हा चांदी भाऱ्यावर बसलेली होती.

बाबांनी तिखाडी बारीक कापली. सरकीच्या ढेपेत मिसळली. गुळाच्या पाण्यात भिजवली. चांदीने ढेप खाल्ली, गूळ चाटला आणि तिखाडी गव्हाणीत एका बाजूला इतकी नीट काढून ठेवली की बाबाही थोडा वेळ पाहत राहिले. मग ते तिच्यासमोर बसले आणि स्वतः एक मूठ चावून दाखवली. त्यांचे डोळे पाण्याने भरले. "चांगलं लागते," ते गायीला म्हणाले.

एक खबरदारी मात्र त्यांनी घेतली. बाबांचे चुलत भाऊ, आमचे काका, नाल्यापलीकडे तिखाडीच्या तेलाची भट्टी लावत. मोठ्या पिंपात गवत कोंबायचे, खालून जाळ करायचा, वाफेबरोबर तेल निघते. दसऱ्यापासून थंडीपर्यंत त्यांचा हा धंदा. त्या दिवसांत काकांच्या अंगाला, कपड्यांना, बिडीलासुद्धा तिखाडीचा वास येई. ते रोज चहाला येत, त्यामुळे घरात वास कसला, हा प्रश्न कोणाला पडत नसे. काका आले असतील, असे सगळे धरून चालत. शेठजी येणार त्या दिवशी बाबांनी त्यांना नाल्याच्या अलीकडे यायची मनाई केली.

"काहून गा? मी काय केलं?"

"तुहा वास येते. पुरावा खराब होईन."

काका दिवसभर नाल्यापलीकडे उभे राहून हात हलवत होते, असे तिकडून आलेल्या लोकांनी सांगितले.

शेठजी जीपने आले. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून बाज काढली. पुढे डोमा आणि चांदी, मागे बाज, बाजेमागे आई हातात रिकामी चरवी घेऊन, तिच्यामागे मी आणि माझ्यामागे ज्याला त्या दुपारी काम नव्हते ते सगळे गाव. बाबा बाजेच्या बाजूने चालत शेठजींना टेकडी समजावून सांगत होते. हा पायथा, इथे माती खोल, गवत उंच, पण कस कमी. हा उतार. वर मुरूम आहे, गवत बोटभर वाढते, पण गाय तिथे जाते, कारण काडी लहान आणि पान गोड. शेठजी प्रत्येक उंचवट्यावर बाजेची चौकट घट्ट धरत आणि "अच्छा, अच्छा" म्हणत. बाज उचलणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "शेठजी, पेढे कमी खात जा ना बाप्पा." शेठजींनी उत्तर दिले, "मैं नहीं खाता. मैं सूंघता हूँ. सूंघनेसेच झालं हे."

सपाटीवर चांदीला मोकळे सोडले. सगळे गोल उभे राहिले. चांदी वाकली आणि चरू लागली. जीभ बाहेर, गवताला वेढा, मान झटकली की कचकन तुटल्याचा आवाज. इतकी माणसे असूनही तेवढाच आवाज होता. पवन्या. मारवेल. कुसळाचा झुबका आला तिथे तिने नाक बाजूला केले. रानमूग दिसला तिथे चार पावले वाट वाकडी केली. तिखाडीचा पुंजका आला. चांदी थांबली.   तिने तिखाडीला पाठ घासली, मागचा पाय खाजवला आणि पुढे गेली.

"खायेगी कब?" शेठजींनी विचारले.

"लाजते," डोमा म्हणाला.

"सगळे तोंड फिरवा," बाबा म्हणाले. सगळ्यांनी तोंड फिरवले, शेठजींनीसुद्धा. याच वेळी त्यांचा दुपट्टा गेला. ओढ बसल्यावर ते ओरडले, आणि वळून पाहतो तो दुपट्ट्याची किनार चांदीच्या तोंडातून लोंबत होती.

बाबा शेवटी तिखाडीपाशी गेले, एक तुरा मोडला आणि चांदीसमोर उभे राहून खाऊ लागले. एक झाला, दुसरा घेतला. "हे पाय. हे पाय, चांदे." मागून कोणीतरी म्हणाले, "भाऊ, आता तुमचीच धार काढा लागते!" आणि सगळी सपाटी हसली. आई हसली नाही. ती चरवी घेऊन चांदीपाशी गेली, बसली आणि धार काढू लागली.

शेठजींनी चरवी नाकाशी नेली. त्यांनी डोळे मिटले. माणसे पुढे सरकली. त्यांनी चरवी एका नाकपुडीशी धरली, मग दुसऱ्या. एक घोट घेतला.

"दूध अच्छा आहे. गाढ़ा है. मीठा है. असा दूध शहरात मिळत नाही, मानलं." त्यांनी चरवी खाली ठेवली. "मगर गुलाब किधर है?"

बाबांनी बोट बुडवून चाखले. "सपाटीचा पवन्या," ते म्हणाले, "आन रानमूग." हे बरोबर होते. ते सगळ्यांनी पाहिले होते.

"तो फिर मिलावट है," शेठजी म्हणाले. ते खिन्न वाटले. "बाई, मेरेको बुरा लगता है. पण गाय काही बोलली नाही."

सगळे टेकडी उतरू लागले. शेजारणी आईपासून थोड्या अंतरावर चालत होत्या. सकाळपर्यंत ती दुकानातल्या काही लोकांपुरती मिलावटवाली होती. आता गावासमोर झाली होती, आणि तेही स्वतःच्या गायीच्या साक्षीने. अंगणात आल्यावर शेठजी जीपकडे निघाले. आईने त्यांची वाट अडवली. मी तिला परक्या पुरुषाची वाट अडवताना त्याआधी पाहिले नव्हते.

"तुमी दूध पाहिलं. खोवा कुठं पाहिला? बसा."

"बाई, अंधेरा होईन."

"होऊ द्या. इथं बसा, चुलीपाशी. माह्या हातावरून नजर हलवू नका." तिने बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले, पदर झटकून दाखवला. कढई सुलटी केली, शेठजींना आतून बोट फिरवायला लावले. मला उलथणे आणायला सांगितले, तेही त्यांनी तपासले. मग टेकडीवरचे दूध कढईत ओतले आणि चूल पेटवली. गाव अंगणात, भिंतीवर, पायरीवर बसले.

खर्र, खर्र, खर्र. दूध वर आले, खाली गेले, दाट होऊ लागले. शेठजींची नजर आईच्या हातावर होती. धुराने डोळ्यांत पाणी आले तरी त्यांनी ती काढली नाही. वारा त्यांच्या अंगावर होता आणि धूर सगळा त्यांच्याकडे जात होता. दूध रबडीसारखे झाले तेव्हा त्यांचे नाक हलले. ते पुढे वाकले. "आया," ते म्हणाले. "आ गया! क्या डाला?"

"काय टाकलं? तुमीच तर पाहून राहिले."

शेठजी उठले. त्यांनी कढईचा वास घेतला. आईच्या हातांचा घेतला, उलथण्याच्या दांड्याचा घेतला. पत्र्याचा खांब, पाण्याचा पितळी गुंड, माझी वेणी. चांदी गोठ्यात बांधली होती, तिच्या तोंडाजवळ गेले, ती त्यांच्या उरलेल्या दुपट्ट्याकडे पाहू लागली तेव्हा मागे आले. अंगणात कुठेही गेले तरी वास त्यांच्याबरोबर जात होता. शेवटी ते मधोमध थांबले, सदऱ्याची बाही नाकाशी नेली आणि तशीच ठेवली.

आई चुलीपासून उठली नाही. उलथणे चालूच होते. "शेठजी," ती म्हणाली, "तुमच्या सदऱ्यात मी काही टाकलं काय?"

अंगणात आधी कोणाला समजले नाही. बाबांना सर्वांत आधी समजले असावे, कारण ते खाली बसले. पायरीशी जळणाचा ढीग होता. दसऱ्याच्या सुमारास एक अवेळी पाऊस आला होता आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या काड्यांचे, जळण भिजले होते. तेव्हापासून आई काकांच्या भट्टीवरचे तेल काढून फेकलेले गवत वाळवून खोव्याच्या चुलीत घालत होती. काका घाईचे, पिंपातले तेल पुरते उतरू देत नसत, गवतात बरेच तेल राही. सगळे घर कढईतल्या दुधाकडे आणि दुधामागच्या गायीकडे आणि गायीमागच्या टेकडीकडे पाहत होते. कढईखाली कोणी पाहिले नव्हते, आईनेही नाही. टेकडी दुधात उतरते हे आमच्या घरात इतके पक्के होते, की ती दुसऱ्या वाटेने येऊ शकते हा विचारच कोणी केला नव्हता.

शेठजी सावरले. "तो धुआँ तो डाला ना! धुआँ भी मिलावट है."

"धूर मी टाकला नाही. थो गेला."

"जाने क्यों दिया?"

"धुराले बांधून ठेवू? मंग तुमच्या सदऱ्यात जाऊ काहून देल्ला तुमी?"

 भिंतीवरून कोणीतरी टाळी वाजवली. नाल्यापलीकडून काकांना आणण्यात आले, त्यांना अजून काही सांगितलेले नव्हते, आणि आल्या आल्या ते म्हणाले, "गाईनं खाल्ली काय गा?"

शेठजींनी खोवा चाखला. त्यांनी हेच गवत जाळून दिवाळीचा सगळा खोवा करायची मागणी केली. आईने सांगितले, की उद्यापासून चुलीत पऱ्हाटीच जळेल, ती आता वाळली आहे. खोव्याला खोव्याचा वास यावा हे शेठजींचे म्हणणे तिला मान्य आहे. आणि खोवा मिळेल तोही शब्द मागे घेतल्यानंतर. कुठे आणि कोणासमोर, ते तिने पुन्हा सांगितले. मी आज राहते त्या घरापासून ते दुकान चालत जाण्यासारखे आहे. मालक बदलले आहेत, पेढे काचेमागे असतात, आणि शुद्धतेची हमी भिंतीवर रंगवलेली आहे. तेव्हा असली पाटी नव्हती. हमी माणसाने तोंडाने द्यायची असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने नागपूरला गेलो. आई त्या दुकानात पहिल्यांदाच आली होती. ती काउंटरच्या बाजूला, गिऱ्हाइकांना दिसेल अशी उभी राहिली आणि पहाटे पऱ्हाटीवर केलेल्या खोव्याचा डबा न उघडता हातात धरून ठेवला. शेठजी गिऱ्हाईक कमी व्हायची वाट पाहत होते. आई ते जास्त व्हायची वाट पाहत होती. दुकान भरले तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिले.

शेठजी उठून उभे राहिले. "सुनो साब," ते म्हणाले. "ये बाई अपने को खोवा देतात. मैंने बोला था मिलावट है. मैं गलत बोला. इन्होंने कुछ नहीं मिलाया."

त्या गर्दीत आधीच्या वेळचे कोणी होते की नाही, याची खात्री करता आली नाही. वास छान आहे म्हणालेली बाई नव्हती. पेढ्यांचा पुडा हातात घेतलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "मंग मिलावलं कोणी?"

शेठजींनी विचार केला. "गवत ने," ते म्हणाले.

गृहस्थांनी पुडा काउंटरवर परत ठेवला आणि पाव किलो शेव घेतली.

आईने डबा दिला. शेठजींनी झाकण उघडले, वास घेतला आणि डबा आत पाठवला. बसस्टँडपर्यंत आम्ही रिक्षाने गेलो. रामटेकची बस लागलेली होती, खिडकीजवळची जागा मिळाली. कन्हानचा पूल येण्याआधी आईला झोप लागली.